आरामात पाहिलेलं शहर

ती. वहिनींना धाकट्या दिराचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचलो. तुमचा गुडघा कसा आहे? शेक घेता ना, की सुनेला "घेतला गं" असं सांगून मोकळ्या होता? दादाची तब्येत विचारत नाही. निघताना विमानतळावर त्याने मला ज्या आवाजात बजावलं, त्यावरून ती ठणठणीत आहे. "तुला फिरायला पाठवत नाहीये. ठकीला परत घेऊन ये," असं तो चारचौघांत म्हणाला आणि मी मान हलवली. (दादासमोर मी मान दुसऱ्या कुठल्या दिशेला हलवल्याचं तुम्हाला तरी आठवतं का?) आई गेल्यावर माझी पोरगी परक्या देशात, इस्पितळात रात्रपाळ्या करत एकटी किती दिवस राहणार, हे त्याचं म्हणणं काही खोटं नाही. तेव्हा हे पत्र त्या कामगिरीचा अहवाल समजावा. काम झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. फोनवर बोललो असतो, पण तुमच्याकडे फोन दादाच उचलतो. म्हणून लिहून, त्याचे फोटो काढून सूनबाईंच्या फोनवर पाठवतोय.

काम न होण्याचं कारण झोप. इथे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते हे मला माहीत होतं, पण ते शरीराला वेगळं कळवावं लागतं याची कल्पना नव्हती. मी पोचलो, बॅग पोचली, झोप मात्र अजून तिकडच्याच वेळेला येते, आणि येताना विचारत नाही. हातात घास असतो आणि मी नसतो. ठकी याला जेटलॅग म्हणते. तिने माझ्यासाठी शनिवार-रविवारची सुट्टी मागून घेतली होती, आणि "आरामात फिरू, बाबा, घाई कसलीच नाही" असं दहादा सांगितलं होतं. इतक्या आरामात फिरायचं मात्र तिच्याही मनात नसावं. शनिवारी सकाळी ती पाळी संपवून घरी आली, तोंड धुतलं, कपडे बदलले आणि चला म्हणाली. थोडी पडतेस का, असं मी विचारलं, तर म्हणे तिकडेच झाली झोप. मी विश्वास ठेवला. मला तरी कुठे धड डोळे उघडता येत होते.

आधी आम्ही उघड्या टपाच्या दुमजली बसमध्ये बसलो. ही बस शहराला फेरी मारते आणि कानात लावलेल्या यंत्रातून माहिती सांगते. राजवाड्याची माहिती सुरू झाली ती मला आठवते. राजवाडा आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा बस निघाली होती तिथेच उभी होती, आणि ती अजून सुटली कशी नाही या विचाराने मी जरा वैतागलोही. ठकी म्हणाली, "मस्त होतं ना?" मी म्हटलं, फारच. ती म्हणाली, "आणि तो पूल!" मी म्हटलं, पुलाबद्दल तर विचारूच नको. (त्या बसच्या वाटेवर कुठेही पूल नाही, हे मला नंतर नकाशात दिसलं. तेव्हा आमच्या दोघांच्या कौतुकाची किंमत एकच होती.)

जेवताना विषय काढायचाच, असं ठरवलं होतं. "ठके, दादा म्हणत होता की..." इथपर्यंत मी पोचलो. पुढचं आठवतं ते असं, की वेटर माझ्या कोपराखालून ताटली ओढून घेत होता आणि दादा काय म्हणत होता हे कोणीच विचारत नव्हतं. मग एक उंच मनोरा होता. त्याच्या रांगेत मी उभ्याने झोपलो. मागच्या बाईंनी मला खांद्याला धरून हळूहळू पुढे सरकवत लिफ्टपर्यंत आणलं, आणि वर गेल्यावर मला रीतसर माझ्या मुलीच्या ताब्यात दिलं. वरून काय दिसतं ते विचारू नका. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय असं सांगून मी ते मिटून घेतले होते.

शेवटी संग्रहालय. जुन्या राजेलोकांच्या कपड्यांच्या दालनात मात्र मी खडखडीत जागा झालो. जन्मभर शिवणाच्या मशीनवर बसलेला माणूस मी. तिथल्या एका थोरल्या महाराजांच्या अंगरख्याची डावी बाही ओढलेली होती. हात वर केला की पाठीत घडी पडणार. महाराजांना हे सांगायची कोणाची छाती झाली नसेल. ठकीला दाखवावं म्हणून वळलो, तर ती बाकावर बसल्याबसल्या झोपली होती. तोंड थोडं उघडं, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरलेली.

मी शेजारी बसलो. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. आणि वहिनी, बाप म्हणून जे मला आल्याआल्या दिसायला हवं होतं, ते शिंपी म्हणून तेव्हा दिसलं. तिच्या अंगात मीच शिवून पाठवलेला कोट होता. तिची मापं मला तोंडपाठ आहेत. त्या कोटाची खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. कंबरेला आतून सेफ्टी पिन लावून कापड दुमडलं होतं. फोनवर ही मला सांगायची, बाबा, मी जाडी झालेय. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात पहारेकरी आला. आता उठवणार, असं मला वाटलं, पण त्याने आमच्याकडे पाहिलं आणि मागून गलका करत येणाऱ्या घोळक्याला हातानेच दुसऱ्या दालनात वळवलं.

रविवारी नदीवर जायचं होतं. गेलो नाही. ती तिच्या खोलीत झोपली, मी माझ्या. शहर मोठं आहे, गाद्या चांगल्या आहेत. एकूण, बोलणं झालं नाही असं दादाला कळवावं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. दादाला इथपर्यंतच वाचून दाखवायचं. पुढचं तुमच्यासाठी.

बोलणं झालं. आपल्या घरात महत्त्वाचं बोलायचं ते समोरचा झोपल्याची खात्री करूनच. (दादाने तुमची माफी मागितलेली मी स्वतः ऐकली आहे. तुम्ही घोरत होतात. आणि ठकीच्या आईनेही मला जे शेवटचं सांगायचं होतं, ते मी इस्पितळातल्या खुर्चीत पेंगत असताना सांगितलं. मी जागा होतो.) त्या बाकावर मीही तेच केलं. अगदी हळू म्हटलं, "ठके, घरी चल. तिथे सगळे आहेत."

डोळे न उघडता ती म्हणाली, "इथे मी आहे ना. तुम्हीच थांबा, बाबा."

आवाजात झोप अजिबात नव्हती. आता यावर बापाने काहीतरी बोलायला हवं होतं. वहिनी, मी घोरलो.

आणखी ता. क. परतीचं तिकीट पुढे ढकलायला सांगणार आहे. तो कोट मी शिवण आत घेऊन लहान करणार नाही. तिच्या अंगाला तो पुन्हा नीट बसेपर्यंत मी इथे आहे, मग दादा काय म्हणायचं ते म्हणो. त्याला तुम्हीच सांगा. तो झोपल्यावर सांगितलंत तरी चालेल, तो ऐकत असतो.

आणि एकच काम. हे वाचल्यावर ठकीला फोन करून सांगाल का, की तुझा बाप थांबतोय म्हणून? मीच सांगितलं असतं, पण ती जागी आहे. शेजारच्या खोलीत इस्त्री करतेय.