लाल दोऱ्यातला पत्ता

घटस्थापना, संध्याकाळ. साखरा.

पितृपंधरवड्यात नवं काही घ्यायचं न्हाई, म्हणून गोधड्यांच्या वेबसाइटचं नाव आणि होस्टिंग विकत घेणं थांबवून ठेवलं. आज घटाला नारळ फोडून घ्यायला बसले, तर ते नाव चार दिवसांमागं दुसऱ्याच कुणीतरी घेतलेलं.

आणि मायनं पंधरवडाभर बसून साऱ्या गोधड्यांच्या कोपऱ्यात त्याच नावाचा वेबसाइटचा पत्ता लाल दोऱ्यानं भरलाय. शिवण जुनंच काम, त्याला पितरांची आडकाठी न्हाई, असं मीच म्हणाले. काहून म्हणाले? तिला इंग्रजी येत न्हाई. माझ्या चिठ्ठीवर बघून एकेक अक्षर वेलबुट्टीसारखं काढलं तिनं. लाल दोरा उसवला तरी भोकं राहतीलच.

आत्ता शेवटची गोधडी घेऊन आली. "अक्षरं बराबर उतरली का गं?"

एकही चुकलं नव्हतं.

"व्हय माय, बराबर," म्हणाले.