चाकाच्या खाचेतला चिखल

सौंसर, मंगळवार संध्याकाळ

बोरगावला जिजाजीच्या बगिच्यात संत्री भरायला गेलो, तिथंच आपला ट्रक फसला. ट्रॅक्टरनं ओढून काढला आन् तसाच टायरच्या दुकानात आणला. दुकानदार म्हणे, "खोल खाचांचे टायर घ्या, चिखलात पकड राहते." पण काळी माती खाचांत भरली का तोही गुळगुळीतच ना? यावर तो नवे टायर दाखवू लागला.

माझं मन काही मानेना. काडी घेऊन जुन्या टायरच्या खाचेतला चिखल उकरला. आतपर्यंत गच्च ओला. पण पावसाचा थेंब नाही, अशा थंडीत एवढा चिखल आला कुठून? दवानं होते काय एवढा?

जिजाजीले फोन लावला.

"तोडीच्या आदल्या दिवशी पाणी सोडतोच ना आपण, राजा! संत्रं कसं भरलेलं दिसते."

म्हणजे मी टायर कायले शोधून राहिलो? नखात अजून तो चिखल हाय. घरी येऊन बायकोले मोठ्या हौसेनं हे सारं सांगितलं.

ती म्हणे, "मंग आपल्या बगिच्यातली मोटर बंद करू काय? दुपारी तुम्हीच चालू करून गेले. उद्या आपली तोड हाय ना."