कोपरची एक रात्र

फोटो पुन्हा परत आला, बाई. मागची भिंत पांढरी हवी असं अर्जात लिहिलंय आणि आमच्या भिंती पिवळट आहेत. मी मुलीला चादरीसमोर उभं केलं. हसू नको म्हटलं तर ती आणखी हसली. सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेचा अर्ज भरते आहे. तीच प्रवेश परीक्षा, तेच गणित-विज्ञानाचे जादा तास, ज्यांच्यासाठी तुम्ही दिवा गावातल्या आमच्या शाळेच्या पाचवीतून मला बसवलं होतंत. उद्या अर्ज बंद होतात. फोटो, दाखले, सगळं भरून झालं की शेवटी एक चौकोन उरतो, पालकांच्या संमतीचा. तो मी रिकामा ठेवला आहे. घरात सांगते की फोटो नीट येत नाही. नवरा म्हणाला, परीक्षा तरी देऊ दे, नंबर लागला तर बघू. मुलीला जायचं आहे, हे तिने मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

तुमची एक पद्धत होती. परीक्षेला बसणाऱ्या मुलीला, अर्ज भरण्याआधी, एक रात्र स्वतःच्या घरी न्यायचं. बाकीचे शिक्षक त्याला बाईंचं वसतिगृह म्हणून हसायचे. आम्हाला वाटायचं, आईवाचून कोण रडतं ते बाई बघतात. माझी आई तर चिडलीच होती. तरण्याताठ्या पोरीसारखी पाठवणी कसली करता, असं शेजारणीला ऐकवत होती. तरी तिने माझ्या पिशवीत फ्रॉक आणि टॉवेल घातला, कारण तुम्हाला तोंडावर नाही म्हणायची चाळीत कोणाची छाती नव्हती.

कोपरचं तुमचं घर दोन खोल्यांचं. तुम्ही माझे लाड केले नाहीत. वरण-भात, वालाची उसळ. ताट मी घासलं, अंथरूण मी घातलं. गणिताचं एक अक्षर काढलं नाहीत. सकाळी मी ओट्याशी उभी आहे, तुम्ही चहा गाळताय आणि माझ्याकडे न बघता विचारताय, झोप लागली का. नाही म्हणते. रडलीस का. थोडी. मग काय केलंस? मी सांगते, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, सगळ्या चतुर्थ्या. तुम्ही हसत नाही. बशीत दोन बिस्किटं ठेवता.

तेवढ्यात आई येते. केस तसेच, पदर खोचलेला. मला न्यायला आली आहे, पण बोलायचं तुमच्याशी आहे. दिव्यात तेव्हा पाणी पहाटे यायचं आणि यायचं तेही थोडा वेळ. ते भरणं माझं काम होतं, कारण धाकटा लहान, आई कामावर जायच्या घाईत आणि बाबा झोपलेले. आई दारातूनच म्हणाली, "बाई, शिक्षण चांगलंच हो. पण ही गेली तर आमचं पाणी कोण भरील?"

मला वाटलं, आता तुम्ही शिक्षणाबद्दल बोलणार. तुम्ही तिला आत बोलावलंत, चहा दिलात आणि विचारलंत, "आज कोणी भरलं?"

आई कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हिच्या बाबांनी."

"मग?"

"मग काय. बडबडत भरलं. अर्धं सांडलं जिन्यावर."

"सांडू दे. सवय नाही त्यांना," तुम्ही म्हणालात. आणि आई हसली. माझ्या आठवणीत आई तुमच्यापुढे हसली ती तेवढीच. त्याच दुपारी तिने अर्जावर सही केली.

ती रात्र माझी परीक्षा नव्हती, आमच्या घराची होती. हे मला फार उशिरा कळलं; तोवर तुम्ही गेलाही होतात. चाळीत किती जण येऊन भाषणं देऊन गेले, मुलगी शिकली पाहिजे म्हणून. कोणाला ते पटलं नाही असं नाही. पण पटून पाणी भरलं जात नव्हतं. तुम्ही वाद घातला नाहीत. एका दिवसापुरती मुलगी काढून घेतलीत आणि घराला घराकडे बघू दिलंत. इतका साधा आणि इतका धीट विचार मी नंतर मोठमोठ्या पुस्तकांत शोधला. क्वचित सापडला.

आता मी माजिवड्याला राहते. आमच्याकडे नळाला दिवसभर पाणी असतं. मुलीवर घरातलं कुठलंच काम नाही. ती गेली तर काहीही अडणार नाही. आईकडे निदान कारण होतं, बाई. मी कितीतरी शोधून पाहिली: जेवण, तब्येत, मुलींची सुरक्षितता. तुम्ही समोर असतात तर प्रत्येकावर एकेक प्रश्न विचारला असतात आणि मी कपाकडे बघत राहिले असते. म्हणून तुमच्यापुढे कबूल करते, कारण हे पत्र कुठे जायचं नाही: ती घरात नसेल, एवढंच माझं कारण आहे. दुसरं नाही.

वरचं सगळं काल रात्री लिहिलं. आज सकाळी तिला शेजारी बसवून चौकोनात खूण केली आणि अर्ज पाठवला. ती बरं म्हणाली आणि शाळेला गेली. तिच्या डब्यात चमचा ठेवायचा राहिला.