धायरीच्या गच्चीवरची गोष्टींची राणी

गुरुवार, दि. ६ मार्च २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. अंगाला लावलेलं गुलाबी औषध वाळायची वाट पाहतो आहे.

तीर्थस्वरूप पोपटमामांना साईनाथचा नमस्कार (सध्या लांबूनच). आपला गुडघा आता जिना चढू देतो का? कारण पुढे कळेल.

आमच्या साखरपुड्यात कुणीतरी कांजिण्या घेऊन जेवून गेलं. पंधरा दिवसांनी मी धायरीला होणाऱ्या सासरी आलो आणि श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीलाच मला फोड उठले. दुसऱ्या दिवशी उत्कर्षाला, तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना, म्हणजे मच्छिंद्ररावांना. तिघांची रवानगी गच्चीवर झाली (मधे पडदा आहे, काळजी नसावी). आजेसासूबाई तुळजाबाईंना कांजिण्या लहानपणीच होऊन गेल्यामुळे त्या पहाऱ्याला.

बोलायला विषय नव्हता. तेव्हा दुकानात एम.ए.च्या मुलांच्या नोट्स टाइप करताना वाचलेलं एक जुनं इटालियन पुस्तक आठवलं. शहरात प्लेग आहे म्हणून दहा जण गावाबाहेर जाऊन राहतात, रोज एकाला राजा किंवा राणी करतात आणि बहुतेक दिवशी त्याने दिलेल्या विषयावर गोष्टी सांगतात. मामा, काय डोकं असेल लिहिणाऱ्याचं! बाहेर मरण, आत गोष्टी, आणि गोष्ट पात्राच्या तोंडी, म्हणजे बरंवाईट काही निघालं तर ते पात्राच्या अंगावर. याला कथाचौकट म्हणतात. चौकटीत माणूस निर्भय होतो, असं नोट्समध्ये होतं (मी दोनदा तपासलं).

आम्हीही गच्चीवर तोच खेळ मांडला आणि मी निर्भय झालो. काल उत्कर्षा राणी होती. विषय ‘लपवलेली गोष्ट’. मच्छिंद्ररावांनी चुलत्याची विहीर बळकावणाऱ्या ‘एका शेतकऱ्याची’ सांगितली. मी ‘कोण्या एका नगरीतल्या’ बारावी नापास तरुणाची सांगितली, ज्याच्या मामाने मुलीकडच्यांना तो बी.कॉम. असल्याचं सांगितलं होतं. गोष्ट रंगली. तुळजाबाई म्हणाल्या, “ग्वाड हाय. ते पोरगं टायपिंग करतं का रं?”

मी म्हणालो, “मराठी आणि इंग्रजी दोन्ही.”

मच्छिंद्रराव उठून बसले. “पत्रिका छापायच्या थांबवा म्हणावं.”

“आप्पा, ह्यानं निदान सांगितलं तरी,” पडद्याआडून उत्कर्षा म्हणाली. “तुमच्या विहिरीचं काय?”

आप्पा पुन्हा आडवे झाले. मामा, ही मुलगी मला हातची जाऊ द्यायची नाही.

आपला, साईनाथ

ता.क. रविवारी तुळजाबाई राणी आहेत. त्यांनी विषय दिला आहे, ‘बी.कॉम. कुणी केलं?’ गोष्ट आपणच गच्चीवर येऊन सांगायची आहे आणि चौकट मिळणार नाही. पत्रिका त्यानंतर छापायच्या की नाही ते ठरेल.

ता.क. दुसरा. आपल्याला चौथीत असतानाच कांजिण्या होऊन गेल्याची मी आईकडून फोनवर खात्री करून घेतली आहे. तेव्हा ते कारण नको.