पलीकडे राहिलेली कॅन

अमरावती, बुधवार, संध्याकाळ

दुपारी विमान उतरायला आलं आणि गवत कापणारी वलगावची शांताबाई विळा घेऊन सरळ धावपट्टी ओलांडायला निघाली. मी जीपमधून तिच्यावर ओरडलो, मग वायरलेसवर टॉवरला ओरडून सांगितलं. विमान न टेकता पुन्हा वर गेलं. किती उंचीवरून? आठवायची हिंमत नाही.

तिला नको नको ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "पानी प्याले चालली होती, साहेब. कॅन तिकडे तुमीच तं ठेवली."

मीच ठेवली. सकाळी बायका पलीकडे कापत होत्या, म्हणून तिकडच्या निंबाखाली, पाणी गार राहावं म्हणून. दुपारी मीच त्यांना अलीकडे आणलं. कॅन आणायचं सुचलं नाही. आणि इथला सुरक्षा अधिकारी कोण? मीच.

अहवालात लिहिलंय: मजूर महिलेने विनापरवानगी धावपट्टीवर प्रवेश केला. तिला उद्यापासून कामावर घेऊ नका, असं वरिष्ठ म्हणाले. मी "हो सर" म्हटलं. का म्हटलं?

अहवाल सकाळी पाठवायचाय. आत्ता तिसऱ्यांदा वाचला. त्यात एक शब्द खोटा नाही, आणि कॅन कुठेच नाही.