वस्ती घटणारं शहर

बाई, तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण एखाद्या गावावर विश्वास बसेना की मी अजून तुम्हालाच विचारतो. भूगोलाच्या तासाला कविता म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच. डोंगर, नदी, वस्ती, सगळं चालीत बसवायचात. मग खडू खाली ठेवून बजावायचात, ज्या गावातून माणसं उठून चाललीत तिथे बिऱ्हाड थाटू नका रे.

मंदी आली तेव्हा हे फार आठवलं. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. मुलगा इंजिनियर, त्याची नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसाही जाणार होता. त्याची आई आधीच गेलेली, शारजात आम्ही दोघंच. अशात दुबईच्या देरा भागातल्या एका एजंटाने जपानमधल्या लहानशा शहरातलं काम सुचवलं, डोंगरउतारांना भिंती बांधून दरडी आवरायचं. मला तो माणूसच पटेना. मुलगा त्याच्या ऑफिसात निघाला तेव्हा मीही सोबत गेलो.

एजंट चहा मागवतो आणि मी तुमच्याच क्रमाने विचारत सुटतो. तो सांगतो, तीन बाजूंना डोंगर, चौथीला समुद्र, मधून नदी, सपाट जमीन तळहाताएवढी आणि सगळी घरं तिथेच दाटलेली. घरी नकाशात पाहिलं होतं तसंच. इतकं बिनचूक सांगतोय म्हणजे पढवलेला असणार, असं वाटून माझा संशय वाढलाच. मग वस्ती विचारली. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी, तो म्हणाला, पण दरवर्षी घटते, शाळा बंद पडतायत.

सापडला, मला वाटलं. "जहाँ से अपने ही लोग जा रहे हैं, वहाँ मेरे बेटे को क्यों बुलाते हो?"

"अंकल, लोग कम हैं, इसीलिए तो बुलाते हैं. यहाँ तो काम खलास, आदमी खलास."

मुलगा हसला, कित्येक आठवड्यांनी. "बाबा, प्लीज. लेट मी गो."

तो गेला. फोनवर सांगतो, शेजारच्या आजीबाई दारात मुळे ठेवून जातात, इथेच राहा म्हणतात. मी म्हणतो, फुकट मुळे कोण देतं? जरा चौकशी कर. तो म्हणतो, "बाबा, यू आर इम्पॉसिबल."

बाई, तुमच्या हाती हे पडणार नाही, म्हणूनच लिहवतंय. त्या शहराबद्दल मला खरी शंका कधीच नव्हती. ते खोटं निघालं असतं, तर आम्ही दोघं एकाच विमानाने घरी गेलो असतो.