सोळाव्या फेरीतली हाक

१४ जानेवारी, सातारा
सकाळी पंधरा किमी. थंडी लय. सर स्कूटरवरून मागे मागे, नजर माझ्या गुडघ्यांवर. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, हुकूम अजून चालूच. "गुडघा सीधा है. जीभ पण सरळ ठेव." काल मी 'कंटाळा आला' म्हणाले होते, ते त्यांच्या अजून लक्षात.
पुढच्या महिन्यात वीस किमी चालण्याची राष्ट्रीय ट्रायल. जागा दोन, शिवाय ठरलेल्या वेळेच्या आत यायला हवं. जमलं तर जागतिक स्पर्धा. हे दोन शब्द लिहून दोनदा गिरवले.

२० जाने.
आप्पांचा मेंढरांचा तळ यंदा उंब्रजजवळ, ऊस तुटलेल्या रानात. आटपाडीहून दिवाळीनंतर निघालेत ते आता इथे. तिळगूळ देऊन आले. आप्पा म्हणाले, "ह्या बारीला मी येतो बगाय. मेंढरं तुजा चुलता बगंल." आजवर लेकीची शर्यत बघायला एकदाही आले नव्हते!
"पर चालायची शर्यत, मंग पळायचं न्हाई?"
न्हाई आप्पा. एक पाय कायम भुईला टेकलेला, पुढचा गुडघा सरळ पाहिजे, पंच बघत असतात.
"मंग सोपं हाय की."
सोपं! पण चाल माझी यांच्याच मागून शिकलेली. दहा वर्षं मेंढरांच्या पाठी.

९ फेब्रु., परतीच्या गाडीत
तिसरी आले. लिहू नये असं वाटतंय.
एकेक किमीच्या वीस फेऱ्या. पंधरापर्यंत दुसरी होते. चाल चुकल्याची दोन लाल कार्डं पडलेली, तोवर चालतं. सोळाव्या फेरीत वळणावर आप्पा उभे. मी मागे पडतेय असं त्यांना वाटलं आणि हाक दिली, "हुर्रर्रऽऽ! वळीव गंऽऽ!" मेंढरू कुणाच्या उभ्या ज्वारीत शिरलं की मारतात ती. लहानपणी ती ऐकली की मेंढरू वळवायला मी आडवी धावायचे. आजही पाय धावले. चार पावलं, दोन्ही पाय हवेत, आणि समोर पंच. तिसरं कार्ड. म्हणजे दोन मि. बाजूच्या चौकटीत उभं राहायचं. बाकीच्या जाताना बघत उभी राहिले. वेळ गेली, जागाही गेली.
आप्पा समोरच्या बाकावर. मघाशी खुशीत म्हणाले, "मी हाक मारली म्हून जरा तरी उचललंस पाय!" काय सांगू यांना.

११ फेब्रु., सातारा
दुसरी आली तिचीही वेळ बसली नाही. म्हणजे एक जागा रिकामी. मार्चमध्ये पुन्हा ट्रायल, ती शेवटची.
सरांना खरं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. इतके हसले की चहा सांडला पँटवर. मग एकदम, "वडिलांना सांग, येऊ नका."
ते मी सांगायचं.

१५ फेब्रु.
सांगितलं. आप्पांनी पटक्याच्या शेवाने तोंड पुसलं. "माज्या हाकंनं गेलं व्हय." चहा तसाच ठेवून मेंढरांकडे गेले. उंब्रज ते सातारा एसटीत रडत आले. शेजारच्या बाईंनी गोळी दिली, त्यांना वाटलं गाडी लागली.
पाय माझे होते. त्यांना का सांगितलं?

१७ फेब्रु.
सुचलं ते असं, आप्पांचं तोंड बंद करण्यापेक्षा माझे पाय ताळ्यावर आणावेत. सर म्हणाले, "हाक मोबाईलमध्ये भरून आण." आप्पांना फोन केला. "मशिनीत हाक मारायची? हितं मेंढरं बुजत्याल की." पण मारली. सात वेळा.

२३ फेब्रु.
सर स्कूटरवर, मोबाईल खिशात, मनाला येईल तेव्हा हाक. पहिल्या दिवशी दहात आठ वेळा पाय धावले. आज तीन. रस्त्याकडेच्या शेळ्या मात्र दर वेळी वळतात. शेळीवाली मावशी सरांवर खेकसली, "आवं, माजी शेरडं कुटं न्हेताय?" सुभेदारसाहेबांची तंतरली. मी दिवसभर हसले.

४ मार्च
शून्य. सलग तिसरा दिवस.
आप्पांना म्हटलं, चला.
"न्हाई बाय. का मी तोंड बांदून घिऊ?"
नको. सोळाव्या फेरीला हाक मारा. गप्प उभे राहिलात तर माझे कान तिकडेच लागतील.

१५ मार्च
सोळावी फेरी. वळणावर आप्पा, पटक्याचा शेव तोंडाशी घट्ट. हाक मारेचनात! शेवटी मीच हात केला. मग आली. अंगावर काटा आला, पण पाय जमिनीवर. पंच वाकून बघत होता, बघतच राहिला.
पहिली. वेळेच्या आत, अकरा से. राखून. लाल कार्ड एकच, तेही आधीचं. सर म्हणतात डोळ्यांत घाम गेला.

२२ मार्च, उंब्रज
यादी अजून नाही. फेब्रुवारीत पहिली आली तिलाच न्यायचं की आम्हा दोघींना, समितीचं ठरेना. सर रोज फोन करून काही कळलं नाही एवढंच कळवतात. झोप नीट नाही. जायचंय मला, फार जायचंय.
आप्पा कोकरू पाजता पाजता, "त्यो शर्यतीचा देस हितनं किती मुक्काम?"
विमानाने एक दिवस.
"आन् तितं हाक मारली तर कोन अडिवतं का?"
आधी यादी येऊ दे, आप्पा.
"यिऊ दे की." खिशातून पाकीट काढलं. पासपोर्टला लागतो म्हणून कराडला जाऊन फोटो काढून आलेत, मला न सांगता. फोटोत पटका नवा आहे आणि तोंड घट्ट मिटलेलं.